सुरबानानांचा ठराव आणि आमची पाइपलाइन : महाराष्ट्रातल्या सगळ्या नगराध्यक्षांना खुलं पत्र

सर्व नगराध्यक्ष, नगरसेवक आणि नगरसेविकांना सप्रेम नमस्कार,

आधी अभिनंदन. इतकी वर्षं आमच्या गावांचा कारभार प्रशासकाच्या सहीवर चालला, गटार तुंबलं की कुणाच्या दारात जायचं तेच माणसांना कळेना, आणि आता निवडणुका होऊन तुम्ही खुर्चीत बसलात याचा मला मनापासून आनंद झालाय. मी कुठल्या पक्षाचा नाही आणि मला तिकीटही नकोय. मी नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत मागच्या बाकावर जाऊन बसणारा, विषयपत्रिका वाचणारा, माहितीच्या अधिकारात ठरावाच्या प्रती मागणारा माणूस आहे. दर गावात असा एखादा असतोच आणि तुमचे कर्मचारी त्याला बघून कपाळाला आठ्या घालतात, तसाच मी.

हे पत्र लिहायला बसलो ते एका माणसाच्या आठवणीने. आठवण म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे, पण गेली काही वर्षं तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, सगळे त्यांना सुरबानाना म्हणायचे. महाड नगरपालिकेचे नगराध्यक्ष, आणि पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेत कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातून निवडून गेलेले आमदार. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर तालुक्याच्या गावचा नगराध्यक्ष जो पुढे आमदार झाला. असे तर आपल्याकडे ढिगाने आहेत, तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात तोच रस्ता असेल आणि त्यात वाईट काहीच नाही. वसंतराव नाईक १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष होते, पुढे अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री राहिले. शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते, दोनदा मुख्यमंत्री झाले आणि दिल्लीत जाऊन गृहमंत्रीही. नगरपालिकेच्या पायरीवरून वर गेलेल्या माणसाला नळाचं पाणी किती वाजता येतं हे माहीत असतं आणि ते राज्य चालवताना उपयोगी पडतं असं मला खरंच वाटतं. पण सुरबानानांचं सांगायचं कारण वेगळं आहे. ते किती वर गेले यापेक्षा त्यांनी एका ठरावाचं काय केलं, त्या ठरावाचं काय झालं, आणि ते झाल्यावर ते कुठल्या बाजूला उभे राहिले, हे तुम्हाला सांगायचंय.

गोष्ट चवदार तळ्याची आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं इथून आपण ती गोष्ट सुरू करतो आणि त्याच्या आधीची नगरपालिकेची गोष्ट कुणी सांगत नाही. तर झालं असं की ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या सगळ्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांमधे, तसंच शाळा, कोर्टं आणि दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. तो मंजूर झाला, सरकारने खात्यांना आदेश काढले, आणि हा कागद फिरत फिरत गावोगावच्या नगरपालिकांकडे आला. बहुतेक ठिकाणी तो फाईलला लागला. महाडला मात्र तसं झालं नाही, सुरबानाना नगराध्यक्ष होते आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना खुलं आहे.

आता जरा थांबून विचार करा की १९२४ मधल्या कोकणातल्या एका बाजारपेठेच्या गावात हा ठराव आणणं म्हणजे काय असेल. टिपणीस स्वतः कायस्थ, वरच्या जातीतले, नात्यागोत्यातली माणसं त्याच आळ्यांमधे राहणारी, सण त्याच घरांमधे, लग्नं त्याच घरांमधे, आणि मतंही त्यांचीच, कारण तेव्हा सगळ्यांना मत नव्हतंच, कर भरणाऱ्या मूठभरांना होतं. ज्यांच्यासाठी ठराव करायचा त्यातल्या बहुतेकांकडे मत नाही आणि ज्यांच्याकडे मत आहे त्यातल्या बहुतेकांना ठराव नको, अशी ती स्थिती. आज तुम्ही वॉर्डाचं गणित मांडता ना, या गल्लीत आपले किती आणि त्या गल्लीत त्यांचे किती, त्या गणिताने तो ठराव कधीच झाला नसता.

पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त शिकवून जातं ते पुढचं. ठराव झाला आणि तीन वर्षं काही म्हणजे काही झालं नाही. तळं कागदावर खुलं आणि प्रत्यक्षात बंद. जनावरं पाणी प्यायची, इतर धर्माचे लोक पाणी भरायचे, आणि ज्यांच्यासाठी ठराव होता त्यांची हिंमत होणार तरी कशी, कारण तळ्याच्या चारी बाजूंनी घरं सवर्णांची. १९२६ मध्ये बोल्यांना कौन्सिलात परत उभं राहून मांडावं लागलं की ज्या नगरपालिका हे पाळत नाहीत त्यांचं अनुदान थांबवा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही हेच दुखणं होतं, ठराव आहे पण अंमल नाही.

हे वाचताना मला आमच्या गावची पाइपलाइन आठवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कुणाला बदनाम करायचं नाहीये आणि ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावची आहे. गावाच्या टोकाला, जुन्या कत्तलखान्याच्या पलीकडे एक वस्ती आहे, साठ-सत्तर घरं, त्यातले बरेचसे नगरपरिषदेचेच सफाई कामगार. सकाळी सहाला आमच्या आळीतला कचरा उचलणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरी नळ नाही, तिथे टँकर येतो आणि तोही येईल तेव्हा. या वस्तीपर्यंत पाण्याची लाइन न्यायचा ठराव आमच्या सभागृहात एकमताने मंजूर झालेला आहे. मी त्या सभेला होतो, बाकं वाजवली होती सगळ्यांनी, कुणीतरी पेढेपण आणले होते. प्रत माझ्याकडे आहे, त्यावर सूचकाचं नाव आहे, अनुमोदकाचं नाव आहे, खाली सही आहे. त्यानंतर एस्टिमेट झालं, मग तांत्रिक मान्यता, मग निधी कुठल्या हेडखाली टाकायचा यावर पत्रापत्री, मग मुदत संपली आणि प्रशासक आले, मग दोन मुख्याधिकारी बदलले, आणि आज विचारायला गेलो तर टेबलावरचे साहेब म्हणतात की फाईल बघावी लागेल. ज्यांनी सूचना मांडली होती त्यांना भेटलो तर त्यांना ठराव आठवेना. मी प्रत दाखवली तेव्हा म्हणाले हो हो, केला होता आपण. मला राग आला नाही, फार वाईट वाटलं, कारण माणूस वाईट नाहीये तो. त्यांना मनापासून वाटतं की ठराव केला म्हणजे काम केलं.

महाडच्या ठरावाचं असंच फाईलमधे मरण झालं असतं. ते झालं नाही कारण रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा जिद्दी तरुण आणि त्याचे साथीदार परिषद घ्यायची म्हणून मागे लागले, गावोगाव फिरले, आणि १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. त्यात सुरबानाना होते, अनंतराव चित्रे होते, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते, म्हणजे वरच्या जातीत जन्मलेली पण या बाजूला आलेली माणसं. हजारो माणसं जमली आणि त्यांना प्यायला पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावं लागलं. गावात नगरपालिकेचं तळं भरलेलं, ते सगळ्यांना खुलं असल्याचा नगरपालिकेचाच ठराव, आणि पाणी विकत! हे वाक्य मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगतो तेव्हा माझा आवाज बदलतो, घरचे म्हणतात पण माझा इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी चित्र्यांनी सुचवलं की आत्ताच्या आत्ता तळ्यावर जाऊ आणि नगरपालिकेच्या ठरावाचा अंमल आपणच करू, मग ती मिरवणूक निघाली, बाबासाहेब तळ्यात उतरले, पाणी प्यायले, मागून सगळे प्यायले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली, जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या, मग तळं बाटलं म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्धीकरण. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये, हे मात्र नीट वाचा कारण हे तुमच्या सभागृहाबद्दल आहे, ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. ज्या सभागृहाने दार उघडलं त्यानेच ते परत लावलं.

मला नेहमी वाटतं की त्या दिवशी सुरबानानांना काय वाटलं असेल. आपण केलेलं सगळ्यात मोठं काम आपल्याच सभागृहाने पुसून टाकलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की बाबा मी माझं केलं, बहुमत नाही, आता मी काय करणार, पुढच्या निवडणुकीपर्यंत गप्प बसू, लोक विसरतील. आणि लोक खरंच विसरतात हो, दोन पावसाळे गेले की सगळं विसरतात. पण हा माणूस बाबासाहेबांच्या बाजूनेच राहिला. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला तेव्हा त्या पक्षात गेला, आणि १९३७ च्या निवडणुकीत त्याच पक्षातर्फे, राखीव नाही तर सर्वसाधारण जागेवरून उभा राहिला आणि निवडून आला. काँग्रेसची केवढी लाट होती तेव्हा, मुंबई प्रांतात पुढे सरकारही त्यांचंच आलं, आणि हे गेले विरोधी बाकावर. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोतीविरुद्धचं, म्हणजे कोकणातल्या जमीनदारी पद्धतीविरुद्धचं, विधेयक विधानसभेत मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी हजारोंनी मुंबईत मोर्चा घेऊन आले. कुलाबा-रत्नागिरीच्या कुळांचा प्रश्न होता तो, म्हणजे सुरबानानांच्या स्वतःच्या मतदारसंघाचा. गावच्या तळ्यापासून प्रांताच्या विधानसभेपर्यंत त्यांनी बाजू बदलली नाही.

आणि कोर्टाचं सांगायचं राहिलंच. ठराव मागे घेतल्यावर महाडच्या काही जणांनी दावा लावला, की हे तळं सार्वजनिक नाही, वहिवाटीने फक्त आमचं आहे. तो दावा खालच्या कोर्टातून ठाण्याला, ठाण्यातून हायकोर्टात असा दहा वर्षं चालला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, की अशी अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही आणि तळं नगरपालिकेच्या मालकीचं आहे. मला त्यातला नगरपालिकेच्या मालकीचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. म्हणजे सभागृहाने मागे घेतलं तरी तळं शेवटी सगळ्या गावाचंच ठरलं. निकाल आणि सुरबानानांची आमदारकी एकाच वर्षातली आहे, साधारण एकाच महिन्याच्या अंतराची.

तर माझं म्हणणं असं आहे.

तुमच्याकडे सुरबानानांपेक्षा कितीतरी जास्त आहे. १९९३ पासून चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तुम्हाला घटनेत जागा दिली, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहून दिले, त्यात पाणीपुरवठा आहे, स्वच्छता आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हेसुद्धा शब्दांत लिहिलेलं आहे. नगराध्यक्षाची थेट निवडणूक २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली, आणि आता तुम्ही नगरसेवकांच्या मर्जीवर नाही तर सगळ्या गावाच्या मतांवर बसलेले आहात. निम्म्या जागांवर बायका आहेत, ज्यांना हंडा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. मला ठाऊक आहे की कार्यकारी अधिकार मुख्याधिकाऱ्याकडे आहेत, जिल्हाधिकारी ठराव स्थगित करू शकतात, पैसा वरून येतो आणि तो येताना कुठल्या पक्षाचा नगराध्यक्ष आहे हे बघून येतो असं तुम्ही खासगीत म्हणता. सगळं खरं असेल. पण सभा तुम्ही बोलावता, सभेच्या अध्यक्षस्थानी तुम्ही असता, आणि गेल्या सभेतल्या ठरावाचं काय झालं हा प्रश्न विचारायला तुम्हाला जीआर लागत नाही.

म्हणून पहिली विनंती अशी, की नवे ठराव करायच्या आधी जुने बाहेर काढा. प्रोसिडिंग बुकं कपाटातून काढा, मागच्या दहा वर्षांतले मंजूर होऊन पडून राहिलेले ठराव एका कागदावर लिहा, आणि तो कागद नगरपरिषदेच्या बाहेर फलकावर लावा, प्रत्येकापुढे सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव टाकून. कुणाला लाज आणायला नाही सांगत. ज्याने सूचना मांडली त्याला ती आपली वाटली पाहिजे, पोरासारखी, तिच्यामागे हिंडलं पाहिजे. कोनशिलेवर नाव घालायचा आपला आग्रह असतो ना, तेवढाच आग्रह या फलकासाठी धरा.

दुसरं म्हणजे जेव्हा कधी एखादा ठराव तुमच्याच माणसांना आवडणार नाही, आणि असा ठराव पाच वर्षांत एकदा तरी समोर येतोच, मग तो सफाई कामगारांना राहत्या जागेवर घरं द्यायचा असो, स्मशानभूमी सगळ्यांना एक करायचा असो, फेरीवाल्यांना जागा द्यायचा असो, तेव्हा तो विषयपत्रिकेवरून पुढच्या सभेसाठी ढकलू नका. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते, व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधात मत दिलं, म्हणाले तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. एकटं मत होतं, ठराव हरला. तरी दीडशे वर्षांनी आपण ते एकच मत सांगतो, बाकीच्यांची नावं सांगता येणार नाहीत.

आणि महाडला एकदा जा. विकासकामांच्या अभ्यासदौऱ्यावर इतक्या ठिकाणी जाता, एकदा तिथे जा, मार्चमधल्या गर्दीत नको, एरवी जा, नगरसेवकांना घेऊन जा. तळ्याच्या काठावर उभं राहून एवढंच आठवा की इथे एका नगरपालिकेने बरोबर ठराव केला होता आणि तीन वर्षं त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मी गेलो होतो तेव्हा बराच वेळ पायरीवर बसून राहिलो. एक शाळेतली सहल आली होती, गुरुजी मुलांना सगळं सांगत होते, बाबासाहेबांचं, सत्याग्रहाचं, छान सांगत होते, आणि शेवटी एका मुलीने विचारलं की सर आधीच परवानगी होती तर मग भांडण कशाला झालं. गुरुजी क्षणभर गप्प राहिले. त्या पोरीचा प्रश्न मी घरी घेऊन आलो आणि खरं तर तिथूनच हे पत्र सुरू झालं.

आमच्या नव्या नगराध्यक्षांसाठी दोन ओळी जास्तीच्या. ताई, तुमची पहिली सर्वसाधारण सभा लागेल तेव्हा मी नेहमीच्या जागी मागच्या बाकावर असेन. पाइपलाइनच्या ठरावाची प्रत माझ्याकडे आहे, झेरॉक्स करून सगळ्या सदस्यांना पुरतील एवढ्या आणेन, खर्च माझा. वस्तीतल्या चार बायका यायचं म्हणतायत, त्यांना आत बसू द्यावं आणि सभा सकाळच्या कचऱ्याच्या पाळीनंतरची ठेवावी एवढी व्यवस्था करा. उन्हाळा तोंडावर आहे.

आपला,
मागच्या बाकावरचा एक नागरिक